तक्रार काय आहे नेमकी?

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. ऐरोलीतल्या आमच्या घराच्या दारात लहान मापाच्या चपलांचा ढीग, हॉलमध्ये तीन लॅपटॉप, एक टॅब्लेट आणि चिवड्याची परात. धाकटा आतल्या खोलीत. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्याने माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केला होता आणि मित्रांनी हॉलमध्ये बसून त्यात शिरायचं होतं. गेला दीड तास आतून "आला का?" आणि बाहेरून "नाही!" एवढंच ऐकू येत होतं. त्याने तो लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला, तेव्हा बाहेरची मुलं परातीवर तुटून पडली होती.

त्या दुपारी घरात दोन जाणकार होते. दोघांचं पटत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. एक मुलांचा मामा, म्हणजे माझा मेहुणा. पस्तीस वर्षं टेलिफोनमध्ये लाइनमन होता, आता निवृत्त. पुलावरून स्कूटरने मुलुंडहून चकलीचा डबा घेऊन आला होता. दुसरी माझी थोरली लेक. इथल्याच एका डेटा सेंटरमध्ये पाळीत काम करते. रात्रपाळी करून सकाळी झोपली होती आणि या गोंगाटाने उठली. पुढचं बोलणं त्या दोघांचं आहे. मी मधूनमधून तोंड घातलं ते गाळलेलं नाही.

मामा : तक्रार काय आहे नेमकी?

मुलं एका सुरात म्हणाली, "होतच नाहीये."

मामा : 'होत नाही' ही तक्रार नाही, रड आहे. १९८वर लोक फोन करायचे, 'फोन बंद आहे'. आम्ही विचारायचो, टोन येतो का? येतो, तर नंबर फिरवल्यावर काय ऐकू येतं? खरखर की शांतता? तेवढ्यावरून निम्मी लाइन बाद व्हायची. पडद्यावर काय लिहून येतंय ते वाचा.

एकाने वाचलं : कनेक्शन रिफ्यूज्ड.

भाची : (जांभई देत) रिफ्यूज्ड? मग सर्व्हरच चालू नसेल.

मामा : आत तो खेळतोय की त्यात.

भाची : ए, पत्ता काय दिलास यांना?

धाकट्याने छाती काढून सांगितलं, एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. त्याच्याकडे त्याच पत्त्यावर चालत होतं.

भाची : झालं! मामा, हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. कुठल्याही कॉम्प्युटरला सांगितलास तरी तो स्वतःकडेच वळतो. नेटवर्कवर काही जातच नाही.

मामा : म्हणजे याने निमंत्रण दिलं 'माझ्या घरी या' आणि पत्ता लिहिला 'आपापलं घर'. पोरं दीड तास आपलंच दार वाजवतायत. आणि आतून उत्तर येतंय, इथे असलं कुणी राहत नाही.

भाची : रिफ्यूज्डचा अर्थ अगदी तोच. मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. माइनक्राफ्टचा ठरलेला पोर्ट २५५६५.

धाकट्याने मग काळ्या खिडकीत आयपी-कॉन्फिग टाकून खरा पत्ता काढला : १९२.१६८.०.१०५. मित्रांनी तो भरला. अर्धं मिनिट बार फिरत राहिला आणि ओळ आली : कनेक्शन टाइम्ड आउट. मुलांनी उसासा टाकला. मामा मात्र खूश झाला.

मामा : शब्द बदलला!

भाची : बदलला, पण होत नाही ते नाहीच. मामा, एक सांगू? यांची सुट्टी चार दिवसांची आहे, आणि दुपारचे तीन वाजलेत. मी आत्ता फोनवरून भाड्याचा सर्व्हर घेते. महिन्याला एका पिझ्झाचे पैसे. दहा मिनिटांत पोरं खेळायला लागतील. मग तू निवांत शोध काय बिघडलंय ते.

मामा : एका सोफ्यावर बसलेली पोरं, आणि त्यांनी एकमेकांना हाक मारायला बाहेरचा माणूस लावायचा?

भाची : सोफ्याचा प्रश्न नाही. आमच्याकडे अलार्म वाजला की 'का वाजला' हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, सेवा परत कधी चालू होते? एक वाट बंद पडली तर भार दुसऱ्या वाटेवर टाकायचा, गिऱ्हाइकाला कळताही कामा नये. कारण नंतर शोधायचं, कागदावर लिहायचं, सही करायची. तुझ्यासारखं खांबावर चढून बसलो असतो ना, तर अर्ध्या शहराचे व्यवहार लटकले असते.

मामा : तुमच्याकडे दुसरी वाट असते म्हणून हे बोलणं सुचतं. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या घरात दोन तारा जायच्या. त्या दोन्ही तुटल्या की तिसरी नाही. शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि भाड्याने घेऊन घरातला बिघाड जातो का? तो तिथेच दबा धरून बसतो. उद्या प्रिंटर लागणार नाही, परवा टीव्हीवर फोटो दिसणार नाहीत, आणि प्रत्येक वेळी तू फोनवरून काहीतरी भाड्याने घेशील.

इथे मला लेकीचं पटत होतं. चार मुलं आणि एक परात यांचा हिशेब तिने बरोबर मांडला होता. पण मामा तोवर जमिनीवर मांडी घालून बसला होता, आणि लाइनमन मांडी घालून बसला की उठवणं कठीण.

मामा : आम्ही कसं शोधायचो सांगतो. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ, म्हणजे सगळ्या तारांची चौकट. तिथे जम्पर काढायचा आणि आधी आतली बाजू तपासायची. आत ठीक असेल तर बाहेर. मग रस्त्यावरचा पिलर. तिथून पुन्हा दोन भाग. मग इमारतीचा डीपी बॉक्स. दर वेळी निम्मी लाइन बाद. कोपऱ्यापासून सगळी केबल चाचपत कुणी जात नाही. आता यांच्यात आणि त्याच्यात मधोमध काय आहे?

भाची : राउटर. दोन.

मामा : दोन कशाला?

दोन असण्याचं कारण मी. सिडकोच्या भिंती जाड, आतल्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी एक राउटर विकत आणला आणि हॉलमधल्या फायबरच्या डब्यातून केबल ओढून त्याच्या पाठीवरच्या निळ्या भोकात खोचली. इंटरनेट चालू झालं, मी विषय मिटवला.

मामा : बाळा, तुझ्या लॅपटॉपचा आकडा वाच. (हॉलमधल्या एकाने वाचला : १९२.१६८.१.८.) आणि आतल्याचा?

भाची : शून्य, एकशे पाच. अरे! तिसरा आकडा वेगळा आहे.

मामा : मला तुमच्या आकड्यांतलं काही कळत नाही. पण पहिले दोन सारखे आणि तिसरा वेगळा, म्हणजे एक्स्चेंज वेगळं. खरं की नाही?

भाची : अगदी खरं. बाबांनी केबल निळ्या भोकात लावली ना, ते भोक 'बाहेरचं जग' म्हणून असतं. त्यामुळे आतल्या राउटरला वाटतं की आपला हॉल म्हणजे इंटरनेट. त्याने आपलं वेगळं गाव वसवलं, वेगळे आकडे वाटले. त्या गावातून हॉलमध्ये जाता येतं. हॉलमधून त्या गावात शिरता येत नाही, कारण हॉलच्या डब्याला ते गाव असल्याचंच ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी आतला राउटर बाहेरून आलेल्या अनोळख्याला दारातूनच परत पाठवतो. पाठवतो म्हणजे काय, उत्तरच देत नाही. म्हणून टाइम्ड आउट.

मामा : म्हणजे रिफ्यूज्ड म्हणजे माणसाने 'नाही' म्हटलं. टाइम्ड आउट म्हणजे रिंग जातेय, किंवा तीही जात नाहीये, पण पलीकडून चकार शब्द नाही.

आयटीतल्या माणसांना याहून लांबलचक व्याख्या करताना मी ऐकलं आहे.

१९२.१६८ने सुरू होणारे हे आकडे घरगुती वापरासाठी १९९६ साली ठरवून बाजूला ठेवलेले आहेत. जगभरातल्या कोट्यवधी घरांत तेच ते पत्ते असतात, जसं प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ असतं. गावात 'मारुतीपाशी भेटू' म्हटलेलं पुरतं. गाव बदललं की तो पत्ता फुकट. आमच्या साडेसहाशे फुटांत मी नकळत दोन गावं वसवली होती.

भाची : आता माझं ऐक. आतला राउटर नीट लावायला अर्धा तास जाईल. तो लॅपटॉपच उचलून हॉलमध्ये आणा आणि हॉलच्या डब्याला जोडा.

मामा : (जरा विचार करून) हे मात्र बरं सुचलं. ग्राहकालाच एक्स्चेंजच्या दारात आणायचं.

लॅपटॉप आला. जोडायला केबल शोधली तर तिच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडलेली, जरा धक्का लागला की बाहेर. मामा खाली गेला आणि स्कूटरच्या डिकीतून क्रिम्पिंगची पकड आणि आरजे-४५च्या टोप्यांची पुडी घेऊन आला. निवृत्तीनंतरही ती हत्यारं डिकीतच आहेत. केबल सोलून आठ तारा पसरल्या आणि तो थबकला.

मामा : निळा, नारिंगी, हिरवा, ब्राउन. हा तर आमचाच क्रम! पंचवीस जोड्यांच्या टेलिफोन केबलला याच रंगांनी सुरुवात. मग पाचवा स्लेट. स्लेट कुठे गेला?

भाची : इथे चारच जोड्या लागतात, मामा.

मामा : म्हणजे तुम्ही आमची केबल घेतलीत आणि पाचवा गडी सोडून दिलात.

तिला हे ठाऊक नव्हतं. इथरनेटच्या केबलमधले चार रंग टेलिफोनच्या जुन्या रंगसंकेतातले पहिले चार आहेत. डेटा सेंटरमध्ये रोज हजारो केबलींखालून जाणाऱ्या मुलीला ते मामाने आमच्या हॉलमध्ये बसून सांगितलं. टोपी दाबली, जीभ खटकन बसली. लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला : १९२.१६८.१.७. तिसरा आकडा जुळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पत्ता भरला, आणि अर्ध्या मिनिटाने तीच ओळ. टाइम्ड आउट.

भाची : भाड्याने घेऊ?

मामा : थांब गं. तुमच्यात टोन तपासायला काही असेलच.

भाची : पिंग. लहानसा निरोप पाठवायचा आणि तो परत येतो का पाहायचं. १९८३च्या डिसेंबरात माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिलं ते. पाणबुडीचा सोनार आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो ना, त्यावरून नाव.

तिने मित्राच्या लॅपटॉपवरून पिंग केलं. चारही निरोप बुडाले.

मामा : टोनच नाही. म्हणजे लाइन मेली. तुझा तो डबा खराब आहे.

भाची : नाही! इथेच तुझा हिशेब चुकतो. तुमच्या काळात टोन नाही म्हणजे लाइन मेली, कारण टोन अडवणारं मधे कुणी नव्हतं. विंडोजची फायरवॉल, म्हणजे तिचा पहारेकरी, पिंगला मुद्दाम उत्तर देऊ देत नाही. घर शांत आहे म्हणजे रिकामं आहे असं नाही. हे बघ.

तिने 'एआरपी' असं काहीतरी टाकलं. पडद्यावर १.७च्या पुढे अक्षरं आणि आकड्यांच्या बारा खुणा उमटल्या.

भाची : हा त्या लॅपटॉपच्या कार्डाचा मूळ क्रमांक, कारखान्यात कोरलेला. एकाच नेटवर्कवरची दोन यंत्रं निरोप पाठवण्याआधी एकमेकांना विचारतात, 'एक-सात कोण आहे?' आणि त्याला फायरवॉलच्याही खालच्या थरावर उत्तर द्यावंच लागतं. त्याने दिलंय. म्हणजे तार ठीक, डबा ठीक, तू लावलेली टोपीही ठीक. माणूस घरात आहे, दार उघडत नाहीये.

मामा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. "असं यंत्र आम्हाला द्यायला हवं होतं," एवढंच म्हणाला. मग लगेच मूळ पदावर आला.

मामा : तर मग दार काढून टाका. फायरवॉल सगळी बंद करा, बघू चालतं का. चाललं तर बिघाड तिथेच.

भाची : अजिबात नाही.

मामा : दोन मिनिटांसाठी. तपासणी आहे ती. जम्पर काढतो तसं.

भाची : तू जम्पर काढून परत लावतोस. ही मुलं लावणार आहेत? दोन मिनिटांसाठी बंद केलेली फायरवॉल दोन वर्षांनी बंदच सापडते, मी पाहिलंय. हाच लॅपटॉप उद्या क्लासला जाईल, तिथल्या वायफायला लागेल, दार सताड उघडं. कडीच काढायची असेल तर फक्त या एका खेळापुरती काढायची.

मामाचं हे मत मला आजही पटत नाही आणि तेव्हाही पटलं नव्हतं. तपासणीसाठी काढलेली वस्तू जागेवर जाते ती शिस्तीच्या माणसाच्या हातून. आमच्या घरात कात्री जागेवर जात नाही.

लेकीने फायरवॉलच्या नियमांची यादी उघडली आणि तिथे खरा गुन्हेगार सापडला. माइनक्राफ्ट ज्यावर चालतं त्या जावाच्या नावापुढे लाल खूण, दोनदा. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्याने पहिल्यांदा सर्व्हर चालवला तेव्हा विंडोजने एक खिडकी उघडून विचारलं होतं, याला नेटवर्कवर बोलू द्यायचं का? घाईघाईत त्याने 'कॅन्सल' दाबलं. त्याला वाटलं, खिडकी मिटवली. विंडोजने त्याचा अर्थ 'नाही' असा लावला आणि मनाईचा नियम लिहून ठेवला. त्यानंतर पुन्हा कधी विचारलंच नाही. आणि यातली मेख अशी की परवानगीचे दहा नियम नंतर लिहिले तरी मनाईचा एक नियम त्या सगळ्यांना पुरून उरतो. म्हणून गेल्या आठवड्यात व्हिडिओ बघून धाकट्याने केलेली सगळी खटपट वाया गेली होती. लेकीने लाल खुणा काढल्या, घरचं नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट'वर आणलं, जावाला त्या पोर्टपुरती परवानगी दिली.

तीन लॅपटॉपांपैकी दोन आत शिरले. तिसऱ्याला 'आउटडेटेड' म्हणून हाकललं, खेळाची आवृत्ती जुनी होती. ते पाच मिनिटांचं काम. टॅब्लेटवाला मात्र हिरमुसला. टॅब्लेटवरचं माइनक्राफ्ट म्हणजे बेडरॉक, लॅपटॉपवरचं जावा. नाव एक, भाषा दोन. मध्ये दुभाष्या बसवता येतो, पण त्या दिवशी नाही. त्याला धाकट्याचा माउस मिळाला.

पोरं खेळायला लागल्यावर वाद थांबायला हवा होता. उलट तो तेव्हा रंगला.

मामा : बघ. भाडं वाचलं, आणि पोरांना कळलं कुठे काय असतं.

भाची : पोरांना काही कळलेलं नाही मामा, ती चिवडा खात होती. कळलं तुला आणि मला. वेळ किती गेला? पावणेदोन तास.

मामा : आणि बाहेरचा सर्व्हर घेतला असता तर हाक कुठवर जाऊन आली असती? सिंगापूर?

भाची : ती गोष्ट जुनी. आपल्याकडे सर्व्हर नव्हते तेव्हा पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायची. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे. सिंगापूर इथून एकोणचाळीसशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन चाळीसेक मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे, तेही केबल सरळ रेषेत टाकली असती तर. बंदूक तू आधी चालवलीस तरी मेलेला तूच. आता तसं नाही. ॲमेझॉनने २०१६च्या जूनमध्ये मुंबईत क्लाउडचा विभाग काढला. २०२०च्या जूनमध्ये व्हॅलोरंट आला तो मुंबईचा सर्व्हर घेऊनच. आणि खेळाच्या यादीत 'मुंबई' लिहिलेलं असतं ना, त्यातली बरीचशी मुंबई आपल्या ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला आहे. महापे, रबाळे, ऐरोली. हाक मारली तर नाक्यावरून परत येईल.

मामा : नाक्यावरून का होईना, बाहेर जाऊनच ना? उद्या तो भाड्याचा दुकानदार दुकान गुंडाळून गेला, किंवा तुमचं नेट गेलं, तर? आज नेट गेलं तरी हे चालू राहील.

हे त्याने बोलता बोलता करूनही दाखवलं. फायबरची पिवळी वायर डब्यातून उपसली. लाल दिवा लागला. मुलांच्या गोंगाटात फरक पडला नाही. माझं ऑफिसचं ई-मेल मात्र अर्धवट राहिलं.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, ती मध्येच घातल्याशिवाय राहवत नाही. २००१च्या सुमारास आमच्या ऑफिसात सातनंतर 'एज ऑफ एम्पायर्स' चालायचा. एक हब, त्याचे लुकलुकणारे दिवे आणि सहा कारकून. इंटरनेट साहेबांच्या टेबलावर एकाच मशीनला होतं, आम्हाला त्याची गरजच नव्हती. पुढे कंपन्यांनी ही सोय काढून घेतली. २०१०चा 'स्टारक्राफ्ट २' आला तो लॅनशिवाय. शेजारी बसलेल्याशी खेळायचं तरी कंपनीच्या दारात हजेरी लावायची. मी हे सांगितलं तेव्हा मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. लेक म्हणाली, "बाबा, दुसरी बाजूही सांगा." ती बाजू अशी : १९९३च्या डिसेंबरात 'डूम' आला तेव्हा त्याची पहिली आवृत्ती प्रत्येक हालचालीची दवंडी सगळ्या नेटवर्कभर पिटायची. चौघे खेळायचे आणि चारशे जणांचं काम ठप्प व्हायचं. कार्नेगी मेलन विद्यापीठाने तो आल्या आल्या बंद केला. नेटवर्क सांभाळणारी माणसं खेळाला वैतागतात, याला कारण आहे. ती त्या माणसांतली आहे.

सहाच्या सुमारास नवी तक्रार आली. घणसोलीचा एक मित्र, घरी पाहुणे आले म्हणून येऊ शकला नव्हता, फोनवर : "मला पण घ्या ना."

मामा : दे त्याला एक-सात.

भाची : ते दुसरं गाव आहे मामा. तिथे त्यांच्या मारुतीचा पत्ता लागेल.

मामा : मग आपल्या डब्याचा बाहेरचा नंबर दे, आणि डब्याला सांग की २५५६५वर कुणी आलं तर याच्याकडे पाठव.

भाची : पोर्ट फॉरवर्डिंग. बरोबर आहे तुझं, पंधरा वर्षांपूर्वी चाललं असतं. आता डब्याचा बाहेरचा नंबर बघ. १००ने सुरू होतोय, पुढे ६४ ते १२७च्या मधला आकडा. हा पत्तासुद्धा खरा बाहेरचा नाही.

मामा : म्हणजे?

भाची : जगात जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत एकूण ४२९ कोटी. माणसंच त्याहून जास्त. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११मध्ये तळाला गेला. म्हणून इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता देतात. हे १००चे आकडे २०१२मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवले. आपला डबा स्वतःच कुणाच्या तरी गावात राहतो.

मामा : ईपीएबीएक्स! बाहेरचा नंबर एक, आत दोनशे एक्स्टेन्शन. आतून शून्य फिरवून बाहेर बोलता येतं. बाहेरच्याला आत यायचं तर ऑपरेटर पाहिजे.

भाची : आणि ऑपरेटर कंपनीचा. त्याला तू डबा उघडून काहीही सांगितलंस तरी ऐकू जात नाही. आता सांग, कुठला खांब चढणार आहेस?

मामा गप्प. आपल्या हातात नसलेल्या लाइनवर बिघाड शोधत बसायचं नसतं, हे लाइनमनला कुणी शिकवावं लागत नाही. लेकीने फोन काढला आणि सहा मिनिटांत भाड्याचा सर्व्हर उभा केला. घणसोलीवाला आत आला. या फेरीत ती निर्विवाद जिंकली, आणि मामानेही ते मानलं. त्याच्या पद्धतीने.

मामा : ठीक. पण त्याला विचार, उद्या पाहुणे आहेत का? घणसोली काय, मध्ये एक रबाळे. दुसरं स्टेशन. लॅपटॉप पिशवीत घालायचा आणि गाडीत बसायचं.

दुसऱ्या दिवशी दहाला तो पोरगा पिशवी घेऊन दारात हजर, आणि सर्व्हर पुन्हा लागेना. कारण रात्रीत डब्याने लॅपटॉपला नवा पत्ता देऊन टाकला होता, एक-सातचा एक-अकरा. लेक रात्रपाळीहून येऊन झोपली होती, तिला कुणी उठवलं नाही. मुलुंडला फोन गेला. "तक्रार काय आहे नेमकी?" मामाने विचारलं, आणि धाकट्याने पडद्यावरची ओळ अक्षरशः वाचून दाखवली. तिथेच काम झालं. मामा दुपारी आला, भाचीकडून शिकून घेतल्याप्रमाणे डब्यात तो लॅपटॉप एका कायमच्या पत्त्याला बांधला, आणि आतल्या राउटरची केबल निळ्या भोकातून काढून पिवळ्यात घातली, त्याचं पत्ते वाटणं बंद केलं. दोन गावांचं एक झालं. अर्धा तास लागेल असं लेक म्हणाली होती. मामाला सव्वा तास लागला.

भाड्याच्या सर्व्हरचे पैसे ती अजून भरते आहे. शाळा सुरू झाल्यापासून आठवड्याचे पाच दिवस मुलं त्यावर असतात, शनिवार-रविवारी आमच्या हॉलमध्ये.

फायबरच्या डब्याच्या पाठीवर मामाने चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहिलं आहे : १९२.१६८.१.५०, पोर्ट २५५६५. डीपी बॉक्समध्ये लिहायची सवय होती तशी खाली तारीख आणि सही.